गुऱ्हाळाची चित्रं : एका हंगामाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

ही वही नवीन आहे. कामाची नोंद इथेच करायची, मनात नाही. मनातल्या मनात मी वीस वर्षं नोंदी केल्या, त्यातली एकही आता सापडत नाही.

सुरुवात कुठून झाली ते आधी लिहिते. ८ तारखेच्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती, आणि त्याच सकाळी आम्ही कामावर जायच्या आधी तिकडं गेलो. खासबागेच्या बाजूला माणसं नुसती उभी होती. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली वास्तू, छप्पर खाली आलेलं, तुळया काळ्याठिक्कर. शेजारी एक वयस्क गृहस्थ तोंडाला रुमाल लावून रडत होते. मला रडू आलं नाही. मला एकच गोष्ट टोचत राहिली. नववीत असताना मी ठरवलं होतं की एक दिवस समोर बसून ह्या नाट्यगृहाचं जलरंगात चित्र काढायचं. पुढं तीस वर्षं त्या दारावरून गेले-आले. हात अजून तयार नाही, थोडा सराव झाला की काढू, असं म्हणत राहिले. नाट्यगृह पुन्हा उभं राहील, राहायलाच पाहिजे. पण मला काढायचं होतं ते नाट्यगृह आता कुणालाच काढता येणार नाही.

त्या रात्री झोप नव्हती. अजून काय काय काढायचं राहिलंय, ते आठवत बसले. पहिलं आठवलं ते मामाच्या गावचं गुऱ्हाळ. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या पट्ट्यात गुऱ्हाळं झपाट्यानं कमी झाली, हे मला कागदावरून कळतं, कारण मी गुळाच्या आडत दुकानात जमाखर्च लिहिते. ज्यांच्या नावाची खाती दर हंगामात उघडायची, त्यातली कितीतरी पानं आता कोरी राहतात.

तर प्रकल्प असा: येत्या हंगामात, दिवाळी ते होळी, चालू गुऱ्हाळाची २४ चित्रं. जलरंग. कागद हाफ इम्पिरियल, ३०० जीएसएम. जागेवर बसून काढायची, फोटोवरून नाही.

१ सप्टेंबर

माळ्यावरची रंगपेटी काढली. ट्यूबा दगड झालेल्या. आत्या म्हणाल्या, "टाकून दे की, उगं वजन कशाला." मी एकीचा पत्रा ब्लेडनं उभा चिरला आणि आतला खडा वाटीत पाण्यात घातला. तासाभरात रंग सुटायला लागला. जलरंगात डिंक असतो, पाणी मिळालं की तो पुन्हा सुटतो, हे मला माहीत होतं. तरी डोळ्यांनी बघताना बरं वाटलं. बर्न्ट सिएना, यलो ओकर, अल्ट्रामरीन वाचले. लेमन यलो आणि पेन्स ग्रे नवीन आणावे लागले.

कागद फळीला चिकटपट्टीनं ताणला, पाणी फिरवलं आणि थांबले. अर्धा तास काही केलं नाही. हात थरथरत नव्हता, पण पुढंही जात नव्हता.

हे कशामुळं ते इथं एकदाच लिहून टाकते. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला मला ए ग्रेड होती. चित्रकलेचे सर स्वतः घरी येऊन दादांना म्हणाले होते, पोरीला ह्याच लाइनला घाला. दादा म्हणाले, आधी बी.कॉम. होऊ दे. त्यात दादांचा दोष मला वाटत नाही, घरची ओढाताण मी बघितलीय. पण पुढं नोकरी लागल्यावर एका स्पर्धेत मी चित्र दिलं. तिथल्या एका परीक्षकांनी दोन सेकंद बघून म्हटलं, "हात हौशी आहे." आणि ते पुढच्या चित्राकडं गेले. त्यांना ते वाक्य संध्याकाळपर्यंतसुद्धा लक्षात राहिलं नसेल. मी ते तेरा वर्षं सांभाळलं. ब्रश उचलला की आधी ते ऐकू यायचं, मग रंग दिसायचा.

आज कागद कोराच वाळला. तोही जपून ठेवला, तारीख घालून.

२९ सप्टेंबर

पाच रविवार झाले. घरातल्याच वस्तू काढल्या: कळशी, पाटा-वरवंटा, परड्यातला नारळ. वाईट आहेत. पण कोरा कागद एकही नाही.

दुपारी राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात गेले. शाळेत असताना सहलीला आले होते, त्यानंतर आजच. मांडरे म्हणजे आमच्या आई-आजीच्या पिढीला पडद्यावरचा नायक. त्यांचं राहतं घर आता त्यांच्या चित्रांचं घर आहे. पावडर शेडिंगची चित्रं सगळेच बघतात. मी आज निसर्गचित्रांपुढं उभी राहिले, आणि कधी नव्हे ते वेळेचा हिशेब करत बघितलं. ह्या माणसाचा दिवसभराचा धंदा वेगळा होता. तोंडाला रंग लावून दिव्यांपुढं उभं राहायचं, आणि त्यातून उरलेल्या वेळात हे. मी आजवर म्हणत आले की पूर्ण वेळ मिळाला असता तर मी चित्रकार झाले असते. त्या खोलीत हे वाक्य मला मोठ्यानं म्हणता आलं नसतं.

बाबा आदमच्या काळातल्या माझ्या चित्रांची वही घरी शोधली. सापडली नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा

मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे झाले. हंगाम चालू. म्हणजे आता माझ्या टेबलावर रोज पट्ट्या, तोलाई, हमाली, आडतीचे आकडे. अडचण अशी की गुऱ्हाळाचा हंगाम तोच माझ्या कामाचा हंगाम. ऑगस्टमध्ये ठरवताना हे मला कळत होतं, पण कळूनही वळत नव्हतं.

रोज पहाटे एक तास हा बेत रद्द. पहाटे डबे, पाणी आणि आत्यांची औषधं असतात. आता असं: रविवारी गुऱ्हाळ. आणि रोज जेवणाच्या सुट्टीत बारा मिनिटं छोटी वही, पेन्सिल. समोर जे असेल ते. हमालाची पाठ, गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी, काटा.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा गुऱ्हाळावर गेले. शिवाजी पुलावरून पलीकडं, वडणग्याच्या बाजूला. दुकानातल्या ओळखीनं जागा मिळाली. ह्यांनी गाडीवर सोडलं आणि म्हणाले, "न्यायला किती वाजता येऊ?" मी म्हटलं, "फोन करते." घरी वेळ न सांगता मी घराबाहेर राहिल्याला किती वर्षं झाली, देव जाणे.

ते कसं चालतं ते सविस्तर लिहिते, कारण कळल्याशिवाय काढता येत नाही, हे आज समजलं.

उसाचा रस घाण्यातून हौदात येतो. तिथून काहिलीत. काहिल म्हणजे दोन माणसं आडवी झोपतील एवढी पसरट कढई, खाली चुलाण. रस हिरवट राखाडी असतो, साबणाच्या पाण्यासारखा. ताप लागला की भेंडीचा चिकट रस घालतात, मग सगळी घाण वर येते. तिला मळी म्हणतात. ती झाऱ्यानं काढत राहायची. मळी सरली की रसाचा रंग बदलतो: हिरवट, मग मातकट पिवळा, मग केशरी, शेवटी तांबूस. तीनेक तास. फेस काठाबाहेर जायला लागला की शेंगतेलाचे चार थेंब मारतात, फेस गप्प बसतो. अशा एका खेपेला आधण म्हणतात.

आणि गुळव्या. आधण कधी उतरायचं ते एकटा गुळव्या ठरवतो. इथले गुळव्या साठीच्या पुढचे आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हटलं. मी स्टूल काहिलीच्या अगदी जवळ मांडलं तर म्हणाले, "ताई, जरा मागं सरा. उसळी आली तर अंगावर ईल. आन् तुमचा कागूद बी भिजंल." दोन्ही खरं झालं असतं. वाफेच्या बाजूला बसलं तर कागद वाळतच नाही, आणि चुलाणाच्या बाजूला गेलं तर ब्रश टेकायच्या आत वाळतो. मधली एक जागा सापडली, चिपाडाच्या ढिगाला पाठ लावून.

ह्या गुऱ्हाळात पावडर घालत नाहीत. हे आमच्या धंद्यातलं दुखणं आहे, म्हणून लिहिते. पेठेत गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ लागतो. पिवळा म्हणजे चांगला, अशी समजूत. मग रसात हायड्रॉस नावाची पावडर घालून रंग उडवतात. न घातलेला गूळ तपकिरी, काळपट दिसतो, सौद्यात मागं पडतो. इथले मालक म्हणून बराच माल ओळखीच्या घरी परभारे देतात. मामांना विचारलं तर एवढंच म्हणाले, "पावडरीचा गूळ दिसतोय झ्याक. पन खाल्ल्यावर ऱ्हातंय काय?"

आज पूर्ण झालेलं चित्र एकही नाही. अकरा रेखाटनं. घरी येताना अंगाला, केसांना, ओढणीला काकवीचा वास होता. मुलगी दारातच म्हणाली, "आई, तू गोड वास मारतेस."

२५ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत काट्यावरचा हमाल. बारा मिनिटांत. खांदा बरोबर आला. फक्त खांदा.

८ डिसेंबर, रविवार

वाफ जमत नाही. सहा कागद गेले.

प्रश्न असा आहे. वाफ पांढऱ्या रंगानं काढायची नसते, ती कागदाच्या पांढऱ्यातूनच राखायची. म्हणजे आधी कागद ओला करायचा, भोवतीचा काळोख त्यात सोडायचा, आणि तो काळोख वाफेच्या कडेला आपोआप विरला पाहिजे. कागद फार ओला असेल तर काळोख वाफेत शिरून चिखल होतो. वाळत आला असेल तर कडा कापल्यासारखी होते, आणि वाफ कापसाच्या गादीसारखी दिसते. ह्या दोन्हींच्या मध्ये काही सेकंद असतात. कागदावरची चमक जाते, पण ओल अजून आत असते. तेवढ्यात ब्रश टेकला तर टेकला.

मी घड्याळ लावून बघितलं. उपयोग नाही. पहाटेची हवा वेगळी, दुपारची वेगळी, जाळ वाढवला की आणखी वेगळी.

चौथा कागद फाडणार होते, तेवढ्यात मामांनी आधण उतरायची तयारी केली म्हणून तिकडं बघितलं. पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवली, काडीवरच्या उकळत्या पाकातला थेंब चिमटीत घेतला, पुन्हा पाण्यात, आणि गोळी वळली. ती काहिलीच्या काठावर मारली. कान तिकडंच. मान हलवली, नाही. परत दोन मिनिटांनी तेच. परत नाही. जाळ घालणाऱ्याला हातानंच खूण केली, कमी. तिसऱ्यांदा गोळी मारली आणि आवाज मलासुद्धा ऐकू आला, खड्यासारखा. "उतरा!" चार माणसं धावली, साखळी ताणली, काहिल कलंडली, वाफ्यात, म्हणजे गूळ निवायला केलेल्या जागेत, लालसर सोनेरी पाक पसरला. पाकाचं तापमान तेव्हा ११५-११८ अंशांच्या घरात असतं, हे मी वाचलंय. मामांकडं तापमापी नाही.

मी विचारलं, "मामा, कधी चुकत न्हाई का हो तुमचं?"

"चुकतंय की. आता कमी चुकतंय. पयल्यांदा लई आधणं बसलीच न्हाईत, नुसती काकवी. मालकानं शिव्या घातल्या." मग जरा थांबून म्हणाले, "पन गोळी मारल्याबिगर मी कवाच उतरा म्हनलो न्हाई. दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून तर न्हाईच न्हाई."

मी पाचवा कागद ओला केला. घड्याळ पिशवीत टाकलं. कागद डोळ्यांच्या रेषेत तिरका धरला आणि चमक कुठून कुठं सरकते ते बघत बसले. बिघडलं. सहावाही बिघडला, पण त्यात उजव्या कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, वाफ आहे. खरी वाफ. तेवढा तुकडा मी किती वेळा बघितला ते सांगता येणार नाही.

२२ डिसेंबर

रोजच्या सवयीनं वहीचं एक पान मधून दुमडलं. डावीकडं जमा, उजवीकडं नावे.

जमा: चिपाडाचा ढीग, कोरड्या ब्रशनं. रव्यांची थप्पी, सावलीसकट. बसलेला माणूस पाठमोरा. वाफ, दहातली तीन.

नावे: माणसाचे हात. चुलाणाच्या तोंडातला जाळ. उभा माणूस, पाय जमिनीवर टेकतच नाहीत. काहिलीचा गोल, तिरका बघितल्यावर.

माझ्यात कला आहे का, मी चित्रकार आहे का, असं मी तेरा वर्षं विचारत होते. ह्या प्रश्नाला कुठल्याच खात्यात जागा नाही. मला चिपाड काढता येतं का? येतं. ह्याला जागा आहे, आणि लिहिताना पेन अडखळलं नाही. विश्वास ठोकात कुणी देत नसावं. किरकोळीत घ्यावा लागतो, पावशेर-पावशेर, रोख.

आठ चित्रं झाली. काल त्यातली तीन घरच्या ग्रुपवर टाकली. ज्या चित्रात वाफ्यातल्या गुळाला लेमन यलो सढळ हातानं लावला होता, ते सगळ्यांना फार आवडलं. उजळ दिसतं. पुढच्या दोन चित्रांतही तसाच लावला.

१९ जानेवारी २०२५

चोवीस दिवस ब्रश धरला नाही. नोंदही नाही. संक्रांत झाली, तिळगुळासाठी गुळाचा खप, दुकानात मान वर करायला वेळ नव्हता, हे एक कारण. खरं कारण दुसरं आहे.

डिसेंबरअखेर एका जाणत्या चित्रकारांना फोनवर चित्रं दाखवली. मी त्यांना मानते, अजूनही. ते म्हणाले, "छान आहेत. कॅलेंडरला चालतील." वाईट हेतूनं म्हणाले नाहीत. घरी येऊन मी चित्रं कपाटाखाली सरकवली.

ह्या दिवसांत सकाळी उठून मोबाईलवर प्रेरणेची भाषणं ऐकली. ऐकताना अंगात येतं. चहा होईपर्यंत टिकतं, कधी संध्याकाळपर्यंत. मग नवीन भाषण शोधावं लागतं. त्या बोलणाऱ्यांविषयी मला राग नाही, माझ्या उपयोगी पडलं नाही एवढंच.

आज ब्रश न घेता गुऱ्हाळावर गेले. जाळ घालणाऱ्या पोराशेजारी बसले. इतके दिवस मी काहिलीकडं आणि मामांकडंच बघत होते, चुलाणाकडं नाही. इथं लाकूड जळत नाही, चिपाड जळतं. उसाचा रस काढून उरलेला चोथा. तो भसकन पेटतो आणि क्षणात राख. म्हणून ते पोर तीन तास जागचं हलत नाही, एकेक वेंग आत सारत राहतं. मी म्हटलं, आज काढलेलं चिपाड आजच टाकता का? तर हसलं. "ओलं हाय की ते. आधी उन्हात वाळाय लागतंय चार दिस. आजच्याला मागलं जाळायचं."

घरी येऊन कपाटाखालून गठ्ठा ओढला. बिघडलेले कागद, सप्टेंबरपासूनचे, कोऱ्यासकट ४१. मांडून बसले. डिसेंबरच्या सहाव्या कागदावरचा वाफेचा तुकडा, सप्टेंबरच्या कळशीवरचा चुकून आलेला उजेड, नोव्हेंबरातला हमालाचा खांदा. एवढं पुरलं. रात्री साडेदहाला एका बिघडलेल्या कागदाच्या पाठीवर चुलाणाचं तोंड काढलं. जाळासाठी कागद पांढरा राखला, भोवती बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. जाळ जमला.

जमा.

२६ जानेवारी

झेंडावंदनाहून येताना कोटीतीर्थावर थांबले. आबालाल रहमान इथं तळ्याकाठी राहायचे. मुंबईला जे.जे.मध्ये शिकून आलेला माणूस, शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार म्हणून आधार दिला. १९२२ मध्ये महाराज गेले, त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रं ह्या तळ्यात सोडली, असं कोल्हापुरात सांगतात. ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले, आणि ऐकताना नेहमी बुडालेल्या चित्रांचीच हळहळ वाटायची. आज वेगळंच डोक्यात आलं. महाराजांमागं ते आणखी नऊ वर्षं जगले, १९३१ पर्यंत. बघणारा एकमेव जाणकार गेलेला. त्या नऊ वर्षांत सकाळी उठून हे तळं ते कुठल्या डोळ्यांनी बघत असतील? मला त्याचं उत्तर नको आहे. काठावर बसून एक छोटं चित्र केलं. पाणी हिरवं होतं, हिरवंच काढलं.

९ फेब्रुवारी

तेरा चित्रं. माणसाचे हात अजून नावे बाजूलाच.

परवा बँकेच्या कामानं खरी कॉर्नरला गेले होते. तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, शंभर वेळा त्याच्यावरून गेले असेन. आनंदराव आणि बाबूराव पेंटर, दोघे नाटकाचे पडदे रंगवणारे. सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा म्हणून झटत होते. आनंदराव १९१६ मध्ये गेले. कॅमेरा तयार झाला १९१८ मध्ये. आपण सगळे १९१८ म्हणतो, कारण तेव्हा तो चालला. मला मधल्या दोन वर्षांत रस आहे. बरोबरीचा भाऊ नाही, यंत्र अर्धवट, हे जमेल असं लिहून द्यायला जगात कुणी नाही. तिथं उभी राहून मी स्तंभ काढला नाही, रस्त्यावर फार गर्दी होती. पण घरी येऊन हातांची वीस रेखाटनं केली, ह्यांचे हात, भाजी निवडणाऱ्या आत्यांचे हात. आत्या म्हणाल्या, "बोटं सुजल्यात व्हय माझी?" आणि मग स्वतःच हात पुढं करून बसल्या, हलल्या नाहीत. अर्धा तास.

२ मार्च, रविवार

हंगाम संपत आला. ऊस थोडा राहिलाय. सतरा चित्रं झाली आहेत, २४ होणार नाहीत. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात कधीतरी मांडावीत, असं मुलगी म्हणते. कधीतरी बघू.

आज सगळी चित्रं पिशवीतून नेली आणि दुपारचं आधण उतरल्यावर चिपाडाच्या ढिगावर टेकवून मांडली. मला कुणाला दाखवायची असतील तर इथल्याच माणसांना, हे मागच्या आठवड्यात ठरवलं होतं. भीती स्पर्धेपेक्षा जास्त वाटत होती.

जाळ घालणारं पोर स्वतःला ओळखून लाजलं. मालकीणबाई चुलाणाच्या चित्रापुढं बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "धग लागतीया."

मामा हात धुऊन, उपरण्याला पुसून आले. एकेक चित्र बघत गेले. घाई नाही. वाफेच्या चित्राशी थांबले, मान हलवली. पुढं गेले. वाफ्याचं ते पिवळं चित्र आलं, घरच्या ग्रुपवर सगळ्यांना आवडलेलं. तिथं खाली बसले.

"ताई, ह्यो गूळ आपला न्हवं."

मी म्हटलं, "इथलाच आहे मामा. ह्याच वाफ्यातला."

"जागा हीच हाय. गूळ आपला न्हवं." बोट न टेकवता त्यांनी पिवळ्यावर फिरवलं. "ह्यात पावडर पडलीया."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. पुढची दोन चित्रंही त्यांनी बाजूला काढली, त्याच कारणानं. बाकीची चौदा नीट रचून माझ्या हातात दिली. जाताना रव्याचा एक खडा फोडून कागदात बांधून दिला. "रंग बघून करा."

मला वाटलं होतं मन खट्टू होईल. तेरा वर्षांपूर्वी दोन सेकंदांत ऐकलेलं आणि डिसेंबरात फोनवर ऐकलेलं, दोन्ही वेळा मी आजारी पडल्यासारखी झाले होते. आज गाडीवर मागं बसून सारखा डोक्यात एकच विचार: ओकर किती, सिएना किती. कॅलेंडर म्हणणाऱ्यांना कदाचित हेच दिसलं असावं. त्यांनी नाव वेगळं दिलं, आणि मी विचारायला थांबले नाही.

९ मार्च, रविवार

ती तीन चित्रं पुन्हा करायची. सकाळपासून आज पहिलं. खडा बशीत ठेवलाय, खिडकीशी. मुंग्या आल्या म्हणून बशी पाण्याच्या ताटात ठेवली.

रंग जुळवायला दीड तास गेला. बाहेरून गूळ तपकिरी दिसतो. उजेडात धरला की कडेला तांबडा, आणि आतल्या कणीला किंचित हिरवी झाक असते, रस सुरुवातीला होता त्याची. ती झाक मी सहा महिन्यांत बघितलीच नव्हती. यलो ओकर, बर्न्ट सिएना, त्यात अल्ट्रामरीनचा टिपूस. अल्ट्रामरीन जरा जास्त पडला की मेलेला रंग येतो. सातव्या वेळी बशीतला खडा आणि कागदावरचा ठिपका शेजारी धरले, डोळे बारीक केले, आणि फरक दिसेना.

लेमन यलोची ट्यूब डब्यात परत ठेवली. टाकून दिली नाही, सकाळच्या उन्हाला लागेल.

कागद ताणला. आत्या दारात येऊन विचारून गेल्या, जेवायला कधी वाढू. म्हटलं, तुम्ही बसा, मला वेळ आहे.

पाणी फिरवलंय. वाफ्याच्या जागी मधली चमक गेली आहे, कडेची अजून आहे. पेन ठेवते.